पाच वाजताचे संत

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही हलला नाही. मग ते माझ्या नवऱ्याकडे, रॉबर्टकडे वळले आणि म्हणाले, "गियाँ-बारे सिंड्रोम वाटतंय. जीबीएस. आजच ॲडमिट करा. घरी जाऊन येतो म्हणू नका."

मी शेचाळीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तोवर बाळंतपण सोडलं तर हॉस्पिटलात एक दिवसही राहिले नव्हते. जीबीएस हे नाव बातम्यांत कधीतरी ऐकलं होतं, तेवढंच. डॉक्टरांनी समजावलं ते असं: शरीर एखाद्या जंतूशी लढतं आणि लढून झाल्यावर चुकून स्वतःच्याच नसांवर उठतं. नसांवरचं आवरण जातं, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. मेंदू मात्र शाबूत राहतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

नाताळानंतर मला तीन दिवस जुलाब झाले होते. ते बरे झाले, मी विसरले. जानेवारीत शाळा सुरू झाली आणि पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंही नाही. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेले तेव्हा देवळाच्या तीन पायऱ्या चढता आल्या नाहीत. मुंग्या आणि अशक्तपणा दोन्ही पायांत सारखेच वाढत असतील तर तुम्ही माझ्यासारखे चार दिवस घालवू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

हॉस्पिटल वसई पूर्वेला, एव्हरशाईन वसाहतीच्या बाजूला. पहिल्या दिवशी एनसीव्ही झाली, म्हणजे नसांमधून वीज किती वेगाने जाते ते बघतात. बारीक चटके बसतात. मग लंबर पंक्चर, पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढतात. मग आयव्हीआयजी सुरू झालं. इतर माणसांच्या रक्तातून काढलेली संरक्षक प्रथिनं पाच दिवस सलाईनमधून देतात.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. सकाळी मी एकोणीसपर्यंत गेले होते. दुपारी नऊवर थांबले. त्यांनी रॉबर्टला बाहेर नेलं. तासाभरात मला झोपेचं औषध दिलं आणि घशात नळी घातली. जागी झाले तेव्हा श्वास मशीन घेत होतं. हात उचलायला गेले, हात नव्हताच. म्हणजे होता, चादरीवर पडलेला दिसत होता, पण माझा नव्हता. चेहराही गेला होता. डोळे तेवढे वर-खाली व्हायचे, आणि माझे डोळे बघायला कोणाला सवड नव्हती.

आयसीयूत संध्याकाळी पाच ते सहा एकालाच आत सोडायचे. रॉबर्ट सकाळी डॉक्टरांना भेटून कामावर जायचा. मुलीची बारावी होती, तिला आम्ही दूर ठेवलं होतं. त्यामुळे पाच वाजता यायचे माझे सासरे.

बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर आमच्या भुईगावात केळी आणि पानवेल केली. घरी ते आमच्या गावबोलीत बोलतात, इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहिते. बाबांचा एक नेम आहे. रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना झाली की त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचं चरित्र जुन्या जाड पुस्तकातून मोठ्याने वाचायचं. मग त्याचं नाव घ्यायचं आणि घरातल्यांनी म्हणायचं, 'आम्हांसाठी विनंती कर.' लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ऐकत होते. खरं सांगायचं तर ऐकत नव्हते. तपासायच्या वह्या डोक्यात घेऊन बसायचे.

त्या संतांत निम्मे रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी ज्यांना मारलं ते. कोणाला भाजलं, कोणाचा शिरच्छेद केला. बाबा ते शेतातल्या कामाबद्दल सांगावं तसं शांतपणे वाचतात.

नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आले. कागदी टोपी आणि मास्क लावून पलंगाशी उभे राहिले. वीस वर्षांत आम्ही दोघं कधी समोरासमोर बसून बोललो नव्हतो. सून आणि सासरा काय बोलणार? त्यांनी घसा खाकरला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागले.

जीबीएसमध्ये नसा दुखतात हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. हालचाल नाही, पण दुखणं आहे. चादर लागली तरी सुया टोचल्यासारखं व्हायचं. संत सेबॅस्टियनचा सण आला त्या दिवशी बाबांनी वाचलं की त्याला झाडाला बांधून अंगभर बाण मारले. मी डोळे गच्च मिटायला गेले, पापण्याही पुरत्या मिटेनात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आग्नेस, आज तुझ्या नावाचा सण," आणि तेरा वर्षांच्या मुलीला कसं मारलं ते वाचलं. मला ओरडायचं होतं की मला हे नको, माझ्या मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते सांगा, अंगणातल्या मांजरीचं सांगा. ते वाचत राहिले. डोळ्यांतून पाणी गेलं की त्यांना वाटायचं, हिला भक्तीचं भरतं आलंय.

दोन आठवड्यांनी ट्रेकिऑस्टॉमी केली. घशातली नळी काढून गळ्याला पुढून लहान भोक पाडतात आणि तिथून श्वास देतात. फार दिवस मशीन लागणार असेल तर हे बरं असतं. तीन-चार दिवसांनी संत ब्लेझचा सण आला. त्या दिवशी देवळात गळ्यावर मेणबत्त्या धरून आशीर्वाद देतात. बाबा माझ्या गळ्याकडे बघत राहिले आणि त्या दिवशी त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट मुलीने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली. ती एकेक अक्षर दाखवणार, हवं ते आलं की मी नजर वर करायची. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा बोलणार होते. बाबा पुस्तक उघडून उभे होते. मी ब वर नजर वर केली. मग स वर.

तिने मोठ्याने जोडलं, "बस."

बाबांचा चेहरा उजळला. "मिळते, बस मिळते," ते मला म्हणाले. "स्टेशनपर्यंत बस, पुढे रिक्षा. माझी काळजी नको करू." आणि ते पुन्हा वाचायला लागले.

मी एवढी हतबल कधीच झाले नव्हते. मशीन लागलं तेव्हाही नाही. पूर्ण चरित्र ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली तेव्हा मी 'न'वर नजर वर केली, मग 'क'वर, मग काना-मात्रा दाखवेपर्यंत थांबले. "नको," ती म्हणाली, आणि मी नजर पुस्तकाकडे नेली.

बाबांना समजलं. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं.

पुढच्या दिवशीही ते पाचला आले. हात मागे बांधून तासभर उभे राहिले. एकदा म्हणाले, केळी बरी धरलीयत. मग घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा तेच म्हणाले. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे दुसरी भाषाच नव्हती, आणि ती मी काढून घेतली होती.

त्याच्या पुढच्या दिवशी संत गोन्सालो गार्सियाचा सण होता. आमच्या वसईत जन्मलेला, जपानात क्रुसावर मारलेला रक्तसाक्षी. बाबांनी हा सण कधी चुकवलेला मला आठवत नाही. त्या संध्याकाळी गावात सणाचा मिस्सा असताना ते माझ्या पलंगाशी रिकाम्या हातांनी उभे होते. पुठ्ठा सिस्टरने धरला होता. मी नजर वर केली. व, मग काना. च, मग काना.

"वाचा," सिस्टर म्हणाली.

त्यांनी पुस्तक आणलं होतं. पिशवीतच होतं. त्यांनी गोन्सालोचं वाचलं, नाव घेतलं आणि नेहमीसारखं माझ्या वाटचं 'आम्हांसाठी विनंती कर' स्वतःच म्हणाले. मग पुस्तक मिटून, माझ्याकडे न बघता बोलले.

"तुला वाटत असेल हा म्हातारा मारलेल्यांच्या गोष्टी का सांगतो. तू ह्या घरात यायच्या आधी तुझी सासू आजारी होती तेव्हा मी रोज एकेका संताकडे मागितलं. वर्षभर. ती गेली. पुस्तक कपाटात टाकलं होतं मी. मग एकदा काढून वाचलं तर लक्षात आलं, ह्यांना पन कोन सोडवायला आलं नव्हतं. तेव्हापासून मागत नाही. नुसता त्यांच्याजवळ बसतो. तुझ्याजवळ पन तसाच बसतो. मला दुसरं काय येतं?"

मी ऐकत होते. मशीन श्वास देत होतं. उत्तर द्यायला ना हात होता ना आवाज. नजर वर केली. त्यांनी ती पाहिली की नाही, माहीत नाही.

त्यानंतर मी खरंच ऐकू लागले. दुखणं कमी झालं नाही. पण पाच वाजेपर्यंत दिवस काढायचा, एवढं एक काम मला मिळालं.

माझ्या शेजारच्या पलंगावर सुमनताई होत्या, चांदीप गावच्या. मेंदूत रक्तस्राव झालेला, शुद्ध नव्हती. त्यांचे यजमान काशिनाथ भाऊ शेती करायचे. पाच वाजता येऊन त्यांच्या पायांना हात लावून बसायचे. एक दिवस ते मधला पडदा सरकवून बाबांना म्हणाले, "जरा मोठ्याने वाचता का? हिला पण ऐकू जाईल. मला असं काही वाचता येत नाही."

बाबा म्हणाले, "आमचे संत आहेत. चालेल?"

"माणसं चांगली होती ना? मग चालतंय."

तेव्हापासून बाबा दोन पलंगांच्या मधोमध उभे राहून वाचायचे. शेवटचा प्रतिसाद आधी बाबा एकटेच म्हणायचे. चार-पाच दिवसांनी काशिनाथ भाऊही म्हणू लागले.

एका दुपारी सुमनताईंच्या मॉनिटरचा आवाज बदलला. पडदा ओढला गेला. पडद्याखालून मला धावणारे पाय दिसत होते. डॉक्टर, सिस्टर सगळे होते, त्यांनी खूप प्रयत्न केले. मग पाय संथ झाले. मला फक्त तिकडे मान वळवायची होती. तीही वळली नाही. त्या दिवशी पाच वाजता बाबांनी रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि हळू आवाजात वाचलं.

मार्चमध्ये मशीन सुटलं. आधी दिवसातून दहा मिनिटं, मग तास, मग पूर्ण. बरं होणं उलट्या दिशेने येतं, वरून खाली, पाय सर्वांत शेवटी. गळ्यातली नळी निघाली तेव्हा माझा पहिला शब्द कोणाला कळला नाही. एप्रिलमध्ये घरी आले, चाकाच्या खुर्चीतून. आज वॉकर धरून पंधरा पावलं टाकते. पावलं खाली लोंबतात, याला फूट ड्रॉप म्हणतात, त्यासाठी प्लास्टिकचा आधार लावते. किती सुधारणार, हे डॉक्टर सांगत नाहीत. वाट बघा, म्हणतात.

तुमच्या घरात कोणी असं निपचित पडलं असेल तर एवढं करा. त्याला ऐकू येतंय असं धरून चाला. अक्षरांचा पुठ्ठा लवकर मागा. आणि तो नको म्हणाला तर राग मानू नका, पण यायचं थांबवू नका.

मे महिन्यात काशिनाथ भाऊ भुईगावात आले. पत्ता विचारत विचारत आले होते, हातात पिशवीभर काकड्या. मला उठून पाणीसुद्धा देता आलं नाही. त्यांनीच माठातलं घेतलं. शेत कसंय विचारलं तर म्हणाले, चाललंय. सुमनताईंचा विषय कोणीच काढला नाही. रोझरीची वेळ झाली. बाबांनी त्यांना, बसा किंवा निघा, तुम्हाला उशीर होईल, असं सांगितलं. ते बसले.

वाचन झालं. बाबांनी संताचं नाव घेतलं, आम्ही प्रतिसाद दिला. काशिनाथ भाऊ मान खाली घालून म्हणाले, "ह्यात हिचं नाव घेतलं तर चालेल का?"

बाबांनी आजवर पुस्तकाबाहेरचं एकही नाव घेतलं नव्हतं. फादर सांगतील त्या रीतीत काना-मात्रेचा फरक त्यांना चालत नाही. त्यांचा हात पुस्तकाच्या पानावरून एकदा फिरला.

मग ते म्हणाले, "सुमन."

"आम्हांसाठी विनंती कर," आम्ही म्हणालो. माझे ओठ अजून नीट मिटत नाहीत, त्यामुळे 'आम्हां' माझ्याकडून फाटकंच निघालं. काशिनाथ भाऊंचा आवाज सर्वांत मोठा होता. निघताना त्यांनी बाबांचे हात हातात घेतले. मी खुर्चीतूनच त्यांना निरोप दिला.

दुसऱ्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, संताच्या नावानंतर सुमनताईंचं नाव रोज घेऊ या. आता संताचं नाव बाबा घेतात आणि त्यानंतर ते नाव मी घेते.