संडासाच्या पायाभरणीचा मान

आमच्या घरामागच्या जागेचा वाद कोर्टात कायमचा मिटलेला होता. ही गोष्ट आमचे तात्या सोडून सगळ्या मुकुंदवाडीला ठाऊक होती.

तात्या म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. परसात एक खाट आणि एक शेळी मावेल एवढी पट्टी होती. ती आपली आहे म्हणून तात्यांनी दावा लावला आणि ते हरले. वरच्या कोर्टात गेले, तिथंही हरले. मग तोच दावा त्यांनी काकूंच्या नावानं लावला. (आपण कोर्टात गेलोय हे काकूंना आमच्याकडे विरजण मागायला आल्यावर कळलं.) तोही गेला. त्या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती. त्यांचं मागणं न्यायाचं होतं आणि निकाल काही लागत नव्हता. तात्यांचा निकाल पुन्हा पुन्हा लागत होता आणि त्यांना तो ऐकू येत नव्हता.

अशात माझ्या धाकट्या भावाचं, सुधाकरचं, लग्न ठरलं. चिकलठाण्याच्या कंपनीत तो नुकताच कायम झाला होता. मुलगी पैठणची, जायकवाडीच्या वसाहतीत सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. तिचे वडील घर बघायला आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि म्हणाले, "संडास कुठंय?"

अण्णांनी रेल्वे रुळाच्या दिशेनं मोघम हात केला.

"असं करू," पाहुणे शांतपणे म्हणाले, "घरात संडास झाला की पत्रिका छापू. अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघतो. दुसरं एक स्थळ सांगून आलेलं आहे."

सुधाकरचा चेहरा उतरला. मी मात्र पदर खोचला. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. यादी केली की जगातलं कुठलंही काम होतं, असं माझं मत. खड्डा, विटा, वाळू, भांडं, पत्रा, गवंडी. सगळं लिहून झाल्यावर मी खाली एक ओळ घातली: 'नारळ, तात्यांच्या हातून.'

"संडासाचा नारळ?" अण्णा म्हणाले.

"बांधकाम आहे ना? मग नारळ लागतो. भावकीतल्या थोरल्यांना मान दिला की त्यांचा राग जाईल."

"त्याचा राग नको घालवू, बाई. त्याला काहीच नको देऊ."

पण मी ऐकते होय? तात्या चक्क फेटा बांधून आले. परसातल्या त्याच पट्टीवर आखलेल्या खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, "सुखानं बसा" असा आशीर्वाद दिला आणि अर्धी वाटी खोबरं घरी घेऊन गेले. मी त्या ओळीपुढं समाधानानं खूण केली.

थोड्याच दिवसांत समन्स आलं. तात्यांचा नवा दावा! 'प्रतिवादींनी वादीच्या हस्ते पायाभरणी करवून सदर जागेवरील वादीची मालकी मान्य केली आहे.' निकाल लागेपर्यंत जागा जैसे थे ठेवा, असा कोर्टाचा हुकूमही सोबत. खड्डा जैसे थे राहिला, गुडघाभर भिंत जैसे थे राहिली आणि सुधाकरही जैसे थे राहिला. पाहुणे प्रगती बघायला आले, खड्ड्यात डोकावले.

"हे काय आहे?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," सुधाकर रडवेल्या आवाजात म्हणाला.

आमचे वकील काझी साहेब. त्यांनी समन्स वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ये नारियल का आयडिया किसका?"

अण्णांनी बोट दाखवलं. सुधाकरनंही दाखवलं.

"मी सांगते ना कोर्टाला," मी म्हणाले. "मी तो चांगल्या मनानं..."

"आप कुछ नहीं बोलेंगे. तुम्ही बोललात की नवा मुद्दा निघतो." मग ते अण्णांकडे वळले. "या वेळी साक्षी-पुराव्यात पडायचंच नाही. जे एकदा ठरलं ते पुन्हा चालवता येत नाही, म्हणून दावा दारातूनच परत पाठवा, असा अर्ज देऊ. जुना निकाल जोडू. बस."

पहिल्या तारखेला नामांतराच्या आंदोलनामुळं शहर बंद होतं. आम्ही चालत कोर्टात गेलो आणि कुलूप बघून चालत परत आलो. (तात्याही सोबतच होते, वाटेत त्यांनी अण्णांकडून तंबाखू घेतली.) पुढची तारीख पडली ती अक्षय तृतीयेच्या तोंडावर.

त्या दिवशी न्यायाधीशांनी जुना निकाल वाचला, नवा दावा वाचला आणि विचारलं, "जागा तीच ना?"

तात्यांचे वकील उठायच्या आत तात्याच उठले. "व्हय साहेब, जागा तीच हाय."

"माणसंही तीच?"

"तीच की. चुलतभाऊच हाय माझा."

"मग यात नवं काय आहे?"

"नारळ नवा हाय, साहेब."

तात्यांच्या वकिलांनी डोळे मिटले.

"तुम्ही गावातल्या मारुतीपुढंही नारळ फोडला असेल," न्यायाधीश म्हणाले. "म्हणून देऊळ तुमचं झालं का?"

तात्या विचारात पडले. (मला भीती वाटली, आता मारुतीवर समन्स निघतं.) पण न्यायाधीश थांबले नाहीत. हा वाद पूर्वीच मिटलेला आहे, तो पुन्हा उकरता येणार नाही, दावा फेटाळला, जैसे थेचा हुकूमही उठवला. ऐकताच मी पिशवीतून यादी काढली आणि 'गवंडी' या शब्दाखाली रेघ मारली.

बाहेर आल्यावर तात्यांनी आमच्याच वकिलांना गाठलं. "वकीलसाहेब, याच्यावर अपील व्हतंय का?"

"होतं की," काझी साहेब म्हणाले. "पर पहले शादी में तो आओ."

कोर्टातून मी थेट गवंड्याकडे गेले आणि त्याला घेऊनच घरी आले. अक्षय तृतीयेच्या आत भिंती उभ्या राहिल्या, भांडं बसलं, पत्रा चढला, पत्रिका छापल्या. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता, म्हणून व्याही मुक्कामाला राहिले. सकाळी मी परसात गेले तर ते पाण्याचं टमरेल घेऊन बंद दारापुढं उभे. आतून खाकरण्याचा ओळखीचा आवाज आला.

"बराच वेळ झाला," व्याही अवघडून म्हणाले. "आत कोण आहे?"

"या जागेवर ज्यांचा काडीचा हक्क नाही, ते," मी म्हणाले, आणि बादली घेऊन मुकाट्यानं व्याह्यांच्या मागं उभी राहिले.