फाटकाबाहेरचा माणूस

माझ्या मोठ्या जाऊबाई चष्म्याच्या दुकानात बसतात. सगळी गल्ली त्यांना चष्मेताई म्हणते. तोंडाला खळ नाही आणि हाताला विसावा नाही. लोकांनी टाकलेले चष्मे धुऊन, नंबर तपासून समुद्रापलीकडच्या एका गरीब वस्तीत पाठवायचे, एवढ्यावरून आमची छोटी संस्था सुरू झाली. वस्तीला लागून अनाथ मुलांचं एक घर होतं. पुढे त्याचाही भार आम्ही उचलला. संस्था म्हणजे तरी काय? दुकानावरची माळ्याची खोली, आम्ही दोघी जावा, खोकी उचलण्यापुरते आमचे नवरे आणि ओळखीपाळखीचे देणगीदार.

ताई दरवर्षी तिकडे जात. तिथली भाषाही त्या मोडकीतोडकी बोलायला शिकल्या होत्या. अशाच एका फेरीत हे घडलं.

त्या दिवशी मुलांचं घर सांभाळणाऱ्या आक्का तापानं फणफणलेल्या एका मुलाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेल्या होत्या. मागे मुलं, स्वयंपाकीण आणि ताई. आधीच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीतून एक पोर नाहीसं झालं होतं. ताडपत्रीच्या ट्रकमधून नेलं, अशी बोलवा होती. आणि भर दुपारी फाटकापुढे ताडपत्रीचाच ट्रक येऊन थांबला.

उतरलेल्या माणसाची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "माझी भाची इथं आहे," तो म्हणाला. "न्यायला आलोय."

त्यानं सांगितलेलं वर्णन भिंगरीचं होतं. एका जागी ठरत नाही म्हणून त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून तिचं गाव गाडलं गेलं होतं. हिच्या घरचं कुणी उरलं नाही, असं सांगूनच तिला आक्कांच्या हवाली केलं होतं. देणगीसाठी आम्ही छापलेल्या पत्रकावर तिचाच फोटो होता, आणि खाली ताईंनी स्वतःच लिहिलं होतं, 'हिचं या जगात कुणी नाही.'

"कागद आहे काही?" ताईंनी फाटकाच्या आतून विचारलं.

"कागद गावाबरोबर गेले."

"मग आक्का येईपर्यंत थांबा."

"दोन वर्षं थांबलोय, बाई! अजून किती?" त्यानं दोन्ही हातांनी फाटक धरून गदागदा हलवलं.

भिंगरीला स्वयंपाकघरात कोंडायला सांगून ताई अंगणातल्या घंटेकडे धावल्या आणि जिवाच्या आकांतानं ती बडवू लागल्या. घंटा अवेळी वाजली की संकट, हे वस्तीला ठाऊक होतं. माणसं काठ्या-कुदळी घेऊन धावली. ट्रक पाहताच कुणीतरी ओरडलं, "पोरं पळवणारा!"

मग कुणी कुणाचं ऐकेना. पहिला दगड त्याच्या कपाळावर बसला. तो फाटकाला पाठ टेकून उभा राहिला, पण पळाला नाही. "माझी भाची आहे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आपणच बोलावलेली माणसं आपल्या डोळ्यांदेखत एकाचा जीव घेणार! ताईंनी कडीला हात घातला तशी स्वयंपाकीण किंचाळली, "ताई, वेड लागलं का? चोर निघाला तर?"

"निघू दे!"

ताईंनी फाटक किलकिलं केलं, त्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं आणि कडी घातली. गजांवर काठ्या आपटू लागल्या. "आक्का येईतो हा माझ्या ताब्यात!" त्या ओरडल्या. "याला हात लावायचा तर आधी मला लावा!"

त्याला ऑफिसच्या खोलीत बसवून त्यांनी कपाळाला फडकं बांधलं. बाहेर पत्र्यावर दगड पडत होते. माणूस खरा की खोटा, हे अजून त्यांनाही कळलं नव्हतं. गाठ मारून झाली तरी फडकं कापायची कात्री त्यांनी हातातून सोडली नव्हती.

एवढ्यात भिंगरी स्वयंपाकिणीच्या हातून निसटून दारात आली. किती तरी वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"माझ्या मामाला दाढी नव्हती," ती म्हणाली.

ताईंची मूठ कात्रीवर आवळली.

"दाढी करताना आरसा धरायला तू कुठं होतीस?" तो हळूच म्हणाला.

भिंगरी हसली नाही. "आमच्या शेळीला पिल्लं किती झाली होती?"

"दोन." मग त्याचा आवाज खाली गेला. "एक दुसऱ्याच दिवशी मेलं. तुला विकलं म्हणून सांगितलं होतं."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू परसात पुरताना मी बघितलं होतं."

ती त्याला बिलगली नाही. येऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, एवढंच. तो मात्र फडक्यात तोंड खुपसून ढसाढसा रडला. दरड कोसळली तेव्हा तो दूर खाणीत कामाला होता. परतल्यावर त्यानं ट्रकवर नोकरी धरली, ती वाटेवरचं प्रत्येक आश्रयघर पाहता यावं म्हणून.

स्वयंपाकिणीनं फोन केला होता; दिवस मावळायच्या आत आक्का पोलिसांना घेऊन आल्या, तेव्हा कुठे जमाव पांगला. चौकशीला काही महिने गेले. दुसरीकडे राहायला गेलेल्या एका गावकऱ्यानं त्याला ओळखलं आणि भिंगरी मामाबरोबर गेली.

इकडे माळ्यावर देणगीदारांची बैठक भरली. ताईंनी सगळं सांगितलं, आपल्या हातच्या घंटेसकट, आणि पत्रक बदलायचं म्हणाल्या. एक ज्येष्ठ देणगीदार म्हणाले, "पण पत्रक कशाला बदलायचं? फोटो बोलका आहे."

"फोटो बोलका आहे, पण मजकूर खोटा आहे," ताई म्हणाल्या. "कुणी नाही असं मी लिहिलं. कुणी शोधलं होतं का?"

"वहिनी, जरा दमानं," माझे यजमान म्हणाले.

"भावजी, तो माणूस माझ्यामुळे मेला असता!"

काही देणगीदार त्यानंतर आलेच नाहीत. ताईंनी मात्र मुलांचे नातेवाईक शोधायला तिकडचीच एक बाई नेमली, आणि सापडलेलं घर गरीब असेल तर मूल तिथंच वाढावं म्हणून मदत त्या घराला द्यायची, असं ठरवलं.

सगळ्यांचंच गोड झालं असं नाही. एका मुलाची मावशी सापडली. ताई स्वतः त्याला घेऊन गेल्या. मावशीनं त्याला डोळे भरून पाहिलं, मग मान हलवली आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर ताई नुसता त्याचा हात धरून चालत राहिल्या. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मला भूक लागलीय."

मुलांच्या घराचं फाटक दिसताच ताईंनी रस्त्यातूनच स्वयंपाकिणीला ताट वाढायची हाक मारली.