रिकॉल झालेली बाइक आणि गप्प बसलेला निन्या

निन्या कोविडने गेला नाही.

अजूनही लोक हळूच विचारतात, "कोविड का?" नाही हो. बाइकच्या ब्रेकने गेला. कंपनीला माहीत होता तो ब्रेक. डीलरला माहीत होता. खुद्द निन्याला माहीत होता.

आज वर्ष झालं.

निनाद. कॉलेजपासूनचा माझा दोस्त. पुण्याहून इथे परदेशात आलेला, वेस्टमीडला एका लॅबमध्ये कोविडची सॅम्पल्स तपासायचा. बायकोला, मृण्मयीला, दमा. घरी काही न्यायला नको म्हणून लॉकडाउनमध्ये ट्रेन सोडली आणि टूनगॅबीच्या घरून बाइकने जायला लागला. नवी कोरी बाइक. साहेब रविवारी तासतास पुसत बसायचे.

मग कंपनीचा मेसेज आला. पुढच्या ब्रेकमध्ये दोष आहे, बाइक रिकॉल केलीय, डीलरकडून फुकट दुरुस्त करून घ्या.

डीलर म्हणाला, "पार्ट्स अजून बोटीवर आहेत, मेट. तोवर जरा टेक इट ईझी."

ब्रेकचा भरवसा नाही आणि म्हणे टेक इट ईझी! तुझ्या पोराला बसव की त्या बाइकवर.

मी निन्याला म्हटलं, "तक्रार कर. पैसे परत माग, नाहीतर तोवर दुसरी बाइक द्या म्हणावं. कायदा आहे इथे."

"करतो रे. आधी पीआर येऊ दे."

"पीआरचा काय संबंध? इथे कायम राहायची परवानगी काय ब्रेकवरून ठरते?"

"उगाच कुठेतरी नाव लागायचं. आता काठावर आलोय, पंगा नको. तू सिटिझन झालास, तुझं काय जातंय बोलायला!"

यावरून आमचं चांगलंच वाजलं. तो ऐकला नाही.

इथल्या आपल्या लोकांचं हे ठरलेलंच. घरमालक हीटर दुरुस्त करत नाही? पीआर येऊ दे. बॉस फुकटात राबवतो? पीआर येऊ दे. बार्बेक्यूला कुणीतरी कुणाच्या तरी मेव्हण्याची पीआर अडकल्याची गोष्ट सांगतं आणि तेच ब्रह्मवाक्य. विचारायला कुणी जात नाही.

मी गेलो, नंतर. मायग्रेशन एजंट म्हणाली, काडीचाही संबंध नाही.

त्या दिवशी तो आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या शिफ्टला निघाला होता. उतारावरच्या सिग्नलला ट्रक उभा होता. पोलीस म्हणाले, पुढचा ब्रेक लागलाच नाही.

स्पीड लिमिटच्या आत होता. हेल्मेट होतं, जॅकेट होतं. मुद्दाम लिहितोय, कारण "हल्लीची मुलं आणि बाइक, काय बोलणार" असं लिहिणारे महाभाग आपल्याच ग्रुपवर आहेत.

फ्युनरलला मोजक्याच माणसांना परवानगी. बॉर्डर बंद, म्हणून काका-काकू, निन्याचे आईवडील, पुण्याहून झूमवर. मध्येच काका अनम्यूट होऊन म्हणाले, "अरे, माहीत होतं ना त्याला? मग गाडी दुरुस्त का नाही करून घेतली?"

काय सांगणार होतो त्यांना? पार्ट बोटीवर होता म्हणून?

आणि ती पीआर. अर्ज निन्याच्या नावावर होता, मृण्मयीचं नाव त्यालाच जोडलेलं. तो गेला, अर्जही गेला. इतकं जपून शेवटी काय मिळवलंस रे गाढवा?

पुढच्या आठवड्यात मृण्मयी कायमची पुण्याला चाललीय. पण तक्रार केल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. काल माझ्या किचनमध्ये बसून तिने ग्राहक तक्रार ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. सगळं नीट सांगितलं, आवाजही हलला नाही. पलीकडची बाई भली होती, तिने मधे तोडलं नाही. मग तिला विचारावंच लागतं ते विचारलं. तुम्हाला काय हवंय? रिपेअर, रिप्लेसमेंट की रिफंड?

मृण्मयीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अमित, ह्यातलं काय मागू रे?"

 

निन्या, तुझ्या आत्म्याला शांती लाभो.
आम्हाला ती एवढ्यात नको.