गंज आणि शेंगदाण्याची चटणी

विश्रांतवाडीच्या निकिता गायकवाडच्या घरी शेंगदाण्याची चटणी कधी संपत नसे, आणि त्याला कारण तिची गायकी. ती ‘गंज’ नावाच्या इंडस्ट्रियल रॉक बँडची मुख्य गायिका होती. म्हणजे मागे पत्रे बडवले जात, ग्राइंडर लोखंडावर करवादे आणि त्या सगळ्यांच्या वरताण निकिता किंचाळे. दिवसा ती खराडीच्या एका आयटी कंपनीत इतरांच्या चुका शोधायची. संध्याकाळी लोक तिच्या शोधायचे.

कारकीर्द म्हणाल तर दृष्ट लागण्यासारखी. ती गात असताना एका पबच्या मालकाने फ्यूज तपासून घेतला होता. एका कॉलेजात सूत्रसंचालकाने माइक बिघडल्याबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. माइक ठणठणीत होता. निकिता हे किस्से स्वतःच रंगवून सांगायची, म्हणजे दुसऱ्यांना संधी मिळत नसे.

रियाज घरीच चाले. तिने खोलीचं दार लावून गळा मोकळा केला की आई, नंदाबाई, स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. रिकामा फिरवला तर जळेल, म्हणून त्यात शेंगदाणे. एखादी किंकाळी तरीही निसटलीच, तर शेजारच्या वेणूबाईंना सांगायची, “मिक्सर जुना झालाय हो आमचा.” आईला आपली लाज वाटते, हे निकिताने चटणीबरोबर गिळून टाकलं होतं. पण आईने एकदा तरी आपल्याला मिक्सरशिवाय ऐकावं, असं फार वाटायचं. तसं म्हणायची हिंमत मात्र नव्हती. स्टेजवर वाघीण, घरात मांजर.

शेवटी बँडचा पहिला अल्बम ठरला. वारज्याच्या स्टुडिओत एकच रविवार मिळाला होता. काचेपलीकडून गिटारवाल्या प्रज्ञेशने खूण केली, निकिताने तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. त्या खोलीत परीक्षेच्या हॉलसारखी शांतता होती. कोमट पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, प्रज्ञेशची बोलणी खाऊन झाली. इतक्या वर्षांत तिच्या गळ्याला एकाच साथीची सवय लागली होती. दुपारी तिने मुकाट्याने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“शेंगदाणे किती आणू?” आईने एवढंच विचारलं.

आई मिक्सर पिशवीत घालून रिक्षाने आली. बटण दाबलं आणि निकिताचा आवाज छताला जाऊन लागला. ती ऐन भरात असताना आईने मिक्सर बंद केला. निकिताला मात्र थांबता येईना. उरलेली किंकाळी तिने त्या शांततेतच पुरी केली आणि भीत भीत आईकडे पाहिलं.

“बंद का केलास?”

“दाणे झाले बारीक.” आई झाकण पुसत राहिली. “आणि एकदा नीट ऐकायचं होतं. दार लावून घेतेस ना तू. मला वाटलं, तुलाच कुणी ऐकलेलं नको असतं.”

पत्रे बडवणाऱ्या बँडमध्ये राहून आपण एवढे बहिरे कसे झालो, असं निकिताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने मिक्सर ओट्याखाली सरकवला, निकिताच्या खोलीचं दार सताड उघडलं, मग वेणूबाईंच्या बाजूची खिडकीही उघडली. “हं, कर सुरू,” म्हणाली आणि समोर खुर्ची ओढून बसली.

निकिताला इतकं भरून आलं की आवाजच फुटेना.

आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग उठत म्हणाली, “भाजू का दाणे?”