आबांची गाडी आणि माझा ग्राइंडर

तुम्ही मला शहाणा समजता ना? मग आधी चहा संपवा. हे ऐकल्यावर पुन्हा मला घरात घ्याल का नाय, काही सांगता येत नाय!

आमच्या आबांची विलायती मोटारसायकल. पडेगावच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी होती. गाडी कसली, सांगाडाच तो! इंजिन अर्धं गायब, हेडलाइट नाय, टाकीचं झाकण नाय, सीट उंदरांनी खाल्लेलं.

आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सिल्लोडला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. डॉक्टर दवाखाना बंद करून गेले तेव्हा जाताना ही गाडी आबांच्या नावावर करून गेले. आता आबा ऐंशीचे झालेत. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाय, फक्त एकदा म्हणाले, "बाळू, गाडी चालू कर. माझ्या नावानं पासिंग करून आण. मी मागं बसतो, एकदा आपल्या मूळ गावातनं चक्कर मारू. पण कागद पाहिजे हां! कागदाशिवाय मी गावात पाय ठेवणार नाय."

कागद, कागद, कागद! माझ्या डोक्यात शिरलं फक्त 'चालू कर'.

दीड वर्ष मी सलीमचाचा मिस्त्रीला घेऊन भंगार धुंडाळत फिरलो. अर्धं इंजिन जालन्याला सापडलं. हेडलाइट भुसावळहून आला. टाकीचं झाकण काय मिळेना, तेव्हा चाचांनी स्टीलच्या डब्याचं झाकण ठोकून ठोकून बसवलं. आन् माझा रुबाब? विचारू नका! ग्रुपवर रोज तीन फोटो. बायको म्हणायची, "लग्नाचे एवढे काढले नव्हते!"

मग चाचा पुतणीच्या लग्नाला गेले. जाताना बजावून गेले, "साब, चेसी का काम मैं आके करतूं. तुम हात नक्को लगाओ."

पण मला कुठला दम निघतोय? रविवार होता. आबा जेवून झोपलेले. हँडलखाली चेसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची मान असते ना, तिथं जुन्या रंगाचे थर बसले होते आन् त्याखाली काहीतरी खडबडीत लागत होतं. मी म्हटलं, हा गंज! आबांच्या गाडीला गंज खातोय आन् मी पोटचा पोरगा बघत बसू? शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर आणला. ठिणग्या काय, आवाज काय! मान अशी गुळगुळीत केली की बोट घसरावं. वरनं काळा रंग मारला.

चाचा आले. त्यांनी मानेवरनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "चाचा, तारीफ बाद में!"

पासिंगच्या दिवशी आबांनी पांढरा शर्ट घातला. गाडीचं जुनं बुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. आरटीओचे इन्स्पेक्टर साहेब भला माणूस. म्हणाले, "इंजिन बदललंय? बिल आहे ना, मग बघू. चेसी नंबर दाखवा." मी दाखवणार काय, मला कुठं माहीत! त्यांनीच मानेवर कागद धरला आन् वरनं पेन्सिल घासली. नंबर असा कागदावर उठवतात, हे मला त्या दिवशी कळलं. कागद काळा झाला. आकडा एक पण उठला नाय.

"इथला नंबर कुणी घासला?"

आता ऐका माझी अक्कल! मी छाती फुगवून म्हटलं, "मीच, साहेब! स्वतः! मशीननं!"

रांगेतली माणसं माझ्यापासनं दोन पावलं मागं सरकली.

"असं चोर करतात," साहेब म्हणाले. "काम काय करता?"

"शेंद्र्याला कंपनीत आहे."

"तिथं काय?"

आता खोटं कसं बोलू? "पार्टवर नंबर ठोकलाय का नाय, ते तपासतो."

"आणि नसला तर?"

"भंगारात टाकतो," मी म्हटलं. माझ्याच तोंडानं!

आबांनी बुक उघडून पुढं केलं. "साहेब, ह्याच्यात नंबर आहे की. हे बघा, माझं नाव."

"काका, पुस्तकात आहे हो. गाडीवर पाहिजे ना." साहेबांनी खरंच हळू आवाजात सांगितलं. गाडी आता तपासणीला जाणार. पुसलेला नंबर औषध लावून दिसतो का ते बघणार. तोवर गाडी तिथंच, आवारात, चोरीच्या गाड्यांच्या ओळीत.

रिक्षात बसून निघालो. मला लाज वाटत होती, जीव नकोसा झाला होता. शेवटी म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मला वाटलं गंज आहे."

आबा बाहेर बघत बोलायला लागले. "तेव्हा गावात आपल्या वस्तीत कुणाकडं सायकल नव्हती. मी गाडीवर दिसलो की पारावरनं हाक यायची, 'कुणाची उचलून आणली रे?' रोज! मी खाली उतरायचो. बुक काढायचो. म्हणायचो, हा ह्यातला नंबर, हा गाडीवरचा. या, एकेक आकडा लावून बघा. आन् यायचे, बरं का! वाकून बघायचे. मग गप बसायचे."

मला रडूच फुटलं. रिक्षावाला आरशातनं बघायला लागला.

आबांनी बुक पुन्हा पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली.

"अख्ख्या गावानं जोर लावला बाळू, ती गाडी चोरीची ठरवायला. कुणाच्या बापाला जमलं नाय. तू एका रविवारात करून दाखवलंस."