कापलेली माळ

काविळीची माळ मीही घातलेली आहे. पाचवीत होते. डोळे पिवळे झाले, पोटात काही ठरेना, तेव्हा आई मला बोरीच्या पलीकडच्या एका खेड्यात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्याने कसल्याशा झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेली माळ माझ्या डोक्यावर ठेवली. टोपीच्या काठासारखी नीट बसली. मग ती रोज वाढायला लागली. कानांवरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपर्यंत. माळ जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरते आणि ती पायातून निघाली की माणूस बरा, असा हिशेब. माझी निघाली आणि मी बरी झाले. आईने माळ ओढ्याच्या पाण्यात सोडली, गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून आमच्या घरात मी म्हणजे त्या माळेचा चालताबोलता पुरावा आहे.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून जवळ. तिथून बोरीकडे जाणारी जीप भरली की त्यात एखादं तरी पिवळ्या डोळ्यांचं माणूस असायचंच. गावात जे एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत, ते त्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसायचे. हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळे. माळेवरून कधी कुणाचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. मी परभणीच्या ज्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथले आमचे मुख्याध्यापक रसायनशास्त्रात एम. एस्सी. आहेत. त्यांनी स्वतःच्या मुलाला तिथेच नेलं होतं. वर मला म्हणाले, "मॅडम, एवढी दुनिया जाते, काहीतरी असल्याशिवाय जाईल का?" त्यात तो म्हातारा कुणाकडून पैसा घेत नाही, एक नारळ तेवढा घेतो. लबाड असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

खरी अडचण ही की लोक खोटं बोलत नव्हते. खराब पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. आराम करायचा, साधं खायचं, अंगात ताकद येईपर्यंत दम धरायचा. डॉक्टरसुद्धा बहुतेक वेळा एवढंच सांगतात. म्हणजे माळ घातलेले बहुतेक बरे होणारच, आणि बरा झालेला माणूस गावभर सांगत फिरणारच. जो मेला तो सांगायला येत नाही. त्याच्याबद्दल इतर लोक सांगतात, उशीर झाला, पथ्य मोडलं, तेलाचं खाल्लं. नववीच्या वर्गात फळ्यावर यकृताची आकृती काढून मी हे दरवर्षी सांगायची. पोरं मान हलवायची. त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात कधी ना कधी ती माळ पडलेली असायची.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरून आठवा लागला होता. आईने फोनवर सांगितलं, पोरीचे डोळे पिवळे दिसायलेत, उद्या जीपने घेऊन जाते. मी ओरडलेच. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट असते, सगळ्यांना सोडते पण तिला सोडेलच असं नाही, तिला आजच्या आज दवाखान्यात आण, असं म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "मग तू कशी वाचलीस गं?" यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण ते फोनवर सांगता येईल एवढं लहान नव्हतं.

सुट्टी टाकून गेले तोवर माळ डोक्यावरून गळ्यात आली होती. बहीण खाटेवर बसून उकडलेले बटाटे खात होती. मला बघून हसली. "ताई, उतरायलीय बघ." मी हातापाया पडले. नुसतं रक्त तपासू, माळ राहू दे गळ्यात, असंही म्हणाले. तिचा नवरा आणि सासू तिला बघायला आले होते. नवरा भला माणूस. तो म्हणाला, "ताई, एकदा माळ उतरू द्या, मग तुमी म्हणताल तिथं नेतो." सासू तेच म्हणाली, शेजारच्या काकू तेच म्हणाल्या. एकमेकींकडे बघून त्यांनी एकेक नाव काढलं, अमक्याचा पोरगा, तमक्याची सून, सगळे बरे झालेले. शेवटी बहीणच चिडली. "मला भीती घालायला आलीस का गं?" त्या अंगणात मी एकटी होते आणि माझ्याकडे फक्त पुस्तकातलं होतं. त्यांच्याकडे जिवंत माणसं होती.

त्यानंतर रोज फोनवर माळ कुठवर आली ते कळायचं. छातीवर आली. पोटावर आली. आईचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत चालला होता. मग एका सकाळी ती म्हणाली, "लय गाढ झोपायलीय पोरगी. उठवलं तरी उठंना. आराम पडलाय म्हणायचं." काविळीत यकृत हरलं आणि विष मेंदूवर गेलं की अशी झोप लागते, हे मला माहीत होतं. मी मिळेल त्या गाडीने गेले. बहिणीने डोळे उघडले, मला 'आई' म्हणाली आणि दप्तर कुठंय म्हणून विचारलं. मग कुणाचंही न ऐकता मी तिला जीपमध्ये घातलं.

परभणीच्या दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, आधी गळ्यातलं काढा. आईने माझा हात धरला. "वरून काढायची न्हाई, खालूनच उतरली पायजे. मधी काढली की उलटती." बहिणीच्या एका हाताला सलाईन लावत होते, दुसरा हात आणखी दोन नर्सनी धरला होता, ती कुशीवर वळायला बघत होती, माळ कुठूनच निघेना. मी नर्सबाईंकडून कात्री मागून घेतली आणि माळ कापली. वाळक्या काड्या फरशीवर पसरल्या. डॉक्टर पोरसवदाच होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. इतके दिवस काय करत होता?" बाळ आधी गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बहीणही गेली.

पहिले दोन-तीन दिवस सगळे नशिबाला बोल लावत होते. दहाव्यापर्यंत मात्र गावाचं ठरलं होतं. माळ बेंबीपर्यंत आली होती, आणखी थोडं थांबले असते तर पोरगी उठून बसली असती. पण शिकलेल्या बहिणीने माळ कापली आणि वर सलाईन लावलं. काविळीला सलाईन चालत नाही हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे! कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही. जेवायला वाढताना एखादी बाई माझ्या ताटाशी जरा जास्त वेळ थांबायची, तेवढंच.

वर्षभराने कामानिमित्त सोनपेठला चालले होते. बाजाराचा दिवस, एसटी खच्चून भरलेली. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या नातवाचे डोळे पिवळट होते. मी म्हणाले, डॉक्टरला दाखवलंत का? तिने मलाच समजावलं. "नको बाई. तिकडं पिंगळीकडं एक गरवार पोरगी निम्मी बरी झाली होती. तिच्या मास्तरीण बहिणीनं दवाखान्यात नेऊन माळ कापली. कापल्या कापल्या जीव गेला." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ती माझ्याकडे बघून हसली. "सगळ्यायलाच ठाव हाय की." जिवंतपणी माझी बहीण फारशी कुठं गेली नाही. मेल्यावर ती गावोगाव फिरायला लागली होती, आणि जिथं जाईल तिथं एखाद्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवत होती. मी त्या बाईला सांगितलं की ती मास्तरीण मीच. तिने नातवाला हळूच दुसऱ्या मांडीवर घेतलं.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. त्या झुडपाच्या ओल्या काड्या आणल्या, तशीच माळ गुंफली आणि आईच्या घरात भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, म्हणून माळ लांबते. त्याला गळा लागत नाही, कावीळ लागत नाही. माळ खिळ्यावर रोज वाढत गेली, पार खालच्या कणगीला टेकली. मी शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. काकूंनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हंजे या घरालाच बाधा होती म्हणा की. आता उतरायलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना.

सगळे गेल्यावर आईने माळ काढून चुलीत घातली. माळ खोटी असेल तर लेकीला त्या जीपमध्ये बसवलं कुणी, हा प्रश्न तिच्याही मनात रोज वाढत असणार. गावाचं म्हणणं धरलं की तिला झोप लागते. माझं म्हणणं खरं आहे, शंभरदा खरं आहे, पण आईला द्यावं असं त्यात काहीही नाही.

या उन्हाळ्यात काकूंच्या लेकीला कावीळ झाली. तीही माहेरी बाळंतपणाला आलेली. मी फोनवर बोलले, मग गेले, काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं. "ताई, तुमी सोडून कुणी बी सांगू द्या. तुमी नका सांगू." मी दवाखान्यातली गाडी बोलावली, तर त्यांनी ती दारातून परत पाठवली. मी देवबीव मानत नाही. तरी रोज मनातल्या मनात म्हणायची, ही जगू दे. ही जगली की माझी बहीण माझ्यामुळेच मेली, हे कायमचं पक्कं होणार, हे कळत होतं. तरी ही जगू दे.

ती जगली. गरवार बायांतल्याही बऱ्याच जगतात. माळ पायातून उतरली, पुढे बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. काकू पेढे घेऊन आल्या, पहिला आईच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. मला खरंच आनंद झाला होता, इतका की डोळ्यात पाणी आलं. आईने ते पाणी बघितलं. बहीण गेल्यापासून तिने त्या दिवसाचा विषय माझ्याशी कधी काढला नव्हता. ती जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. आवाजात जराही राग नव्हता. मला माफ करून टाकल्यासारखी ती म्हणाली, "हिची कुणी कापली न्हाई ना बाई, म्हणून."

मी हातातला पेढा खाल्ला.