अंगठ्याचा जोर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या ताईच्या अंगठ्याला पांढरी पट्टी दिसली. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. विचारलं तर हसून म्हणाली, "अगं आजी, आमच्या वर्गात सगळ्यांचंच दुखतं." म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तिने नीट वाचावं. बाकीच्यांनीही वाचलं तर उत्तम.

मीही हेच काम केलं. सकाळी माजिवड्याच्या एका दवाखान्यात, दुपारनंतर डोंबिवलीत घरोघरी. घरी लोकांना शेकाचं वगैरे मशीन नको असायचं. त्यांच्या मते मशीन लावणं म्हणजे टाळाटाळ. अंगठ्याने किती जोरात दाबतो, यावरून आमची परीक्षा व्हायची. पाठदुखीच्या एक म्हाताऱ्या बाई माझ्यादेखत सुनेला सांगायच्या, "आधीची पोरगी बरी होती. हिच्या हातात काही दम नाही." मी चिडून आणखी जोरात दाबायची. त्यांचा दिवाण इतका बुटका, की तासभर माझी कंबर वाकलेली.

एका संध्याकाळी कणीक मळायला घेतली आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली, की परात तशीच सोडली. तुमच्या आजोबांनी पोळ्या केल्या. आकार विचारू नका. तरी महिनाभर मी बाहेर कुणाजवळ बोलले नाही. लोकांची दुखणी बरी करणारीने स्वतःचं दुखणं सांगायचं, याची लाज वाटायची. पुढे पेन धरवेना, तेव्हा कल्याणला माझ्या कॉलेजातल्या जुन्या मॅडमकडे गेले.

"पेशंटने महिनाभर अंगावर काढलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"रागावले असते."

"मग? हा हात गेला तर तुझं काम गेलं."

दीड महिना हात बांधून घरी बसले. त्या बाईंकडे परत गेले ती दिवाणाच्या पायांखाली ठेवायला लाकडी ठोकळे घेऊन, आणि दाब कोपराने द्यायचा असं ठरवून.

"आता कोपराने? मी काय गादी आहे का, डॉक्टरबाई?" म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझा हात ओढून अंगठा पाहिला.

"मग आधी नाही का बोलायचं? मी आपली दाबा दाबा करत बसले," असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, दिवाण उचलायला ये."

अंगठ्यात पूर्वीची ताकद परत आली नाही. पण आजही मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी, उंच टेबलावर, दोन-दोन पेशंट पाहते. काम टिकलं आहे.